कान्हेरी ते मिसळ

सात दिवसांना ‘आठवडा’ म्हणणाऱ्या भाषेत मी वाढलो, त्यामुळे माझ्याकडून चोख हिशेबाची अपेक्षा कोणी ठेवू नये. या रविवारपासून त्या रविवारपर्यंत दोन्ही टोकं धरून मोजली की आठ भरतात, असं शाळेत बाईंनी समजावलं होतं. आम्ही चौघे मित्र गेली चौदा वर्षं दर रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चालायला जातो, ते ‘दर रविवारी’सुद्धा असंच मोजायचं. (कागदोपत्री त्याचं नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पण स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला एवढं लांबलचक नाव सांगितलंत, तर तो तुम्हाला बाहेरगावचे समजेल.)

त्याआधी मी बरंच काही आयुष्यभरासाठी धरलेलं होतं. अंधेरीला दर बुधवारी पेटीचा क्लास होता. ‘सा’पासून निघालो, ‘प’पर्यंत पोचलो आणि पावसाळा लागला. ती पेटी आता कपाटावर असते. वर्षातून एकदा खाली उतरते, गणपतीत मखराला उंची कमी पडते म्हणून. मोडी लिपीच्या वर्गाला चार शनिवार गेलो, पाचव्या शनिवारी मीच मोडीत निघालो. प्रत्येक वेळी सुरुवातीचं वाक्य एकच: ‘सोमवारपासून नक्की.’ ही त्यावर काही बोलत नाही. फक्त भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे एकदा बघते आणि भाजी चिरायला घेते.

आपल्या आज्या या बाबतीत फार हुशार होत्या. सोळा सोमवार धरायचे, सतराव्याला उद्यापन करायचं, चुरमा वाटायचा आणि मोकळं व्हायचं. माणसाच्याने जन्मभर काही निभत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून आकडा आधीच ठरवून ठेवलेला. छंदाला असं उद्यापन नसतं. तो वाजतगाजत घरात येतो आणि कोणाला न सांगता मागल्या दाराने निघून जातो. मागे राहतात ती नवीकोरी साधनं, आणि ‘ते तुमचं पेटीचं काय झालं हो?’ असं बरोबर जेवताना विचारणारे पाहुणे.

तर आम्ही चौघे. अण्णा, बँकेतून निवृत्त. डॉक्टर, हे दातांचे, पण बोलतात सगळ्यांच्या साखरेबद्दल. मी. आणि मुलुंडकर.

मुलुंडकराचं दुःख भूगोलाचं आहे. जंगल एकच, त्याच्या एका कुशीला बोरिवली आणि दुसऱ्या कुशीला मुलुंड. बिबट्याने मनात आणलं तर तो रातोरात या अंगाचा त्या अंगाला जाईल. मुलुंडकराला मात्र दादरला गाडी बदलून यावं लागतं. बरं, रविवार म्हणजे मेगाब्लॉक. ‘माटुंगा ते मुलुंड’ हे तीन शब्द त्याने आरतीसारखे इतक्या वेळा ऐकलेत की झोपेतही म्हणेल. खरं तर आठवड्याचा नेम आयुष्यभर पाळावा कसा, हे रेल्वेकडूनच शिकावं. ऊन असो, थंडी असो, रविवार आला की रुळांची डागडुजी. मुलुंडकर सकाळी दहाला नाश्त्यावरून उठतो, ‘ब्लॉक लागायच्या आत निघतो’ म्हणतो, तेवढ्यात कोणीतरी आणखी एक कटिंग मागवतं, आणि मग तो खुर्ची पुन्हा ओढून सांगतो, ‘आता सुटल्यावरच जातो.’ सध्या या जंगलाखालून गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांचं काम चाललंय. ‘एकदा बोगदा होऊ दे,’ तो म्हणतो, ‘एक रविवार चुकवणार नाही.’

‘बोगदा होईल रे,’ अण्णा म्हणाले, ‘पण माझे गुडघे तोवर थांबतील का?’

पहिल्या वर्षी आम्ही थेट कान्हेरीला जायचो. गेटपासून सहा-सात किलोमीटर, शेवटी घाम काढणारा चढ. तिथे लेणी १०९. डॉक्टरांनी लगेच बेत आखला: दर रविवारी एक लेणं नीट अभ्यासायचं. म्हणजे दोन वर्षं आणि वर पाच रविवार. अण्णांनी वही घातली, समास आखला. तीन नंबरचं मोठं चैत्यगृह पाहताना आम्ही इतके भारावलो होतो की दोन रविवार तिथेच गेले. मग रखडत अकरापर्यंत आलो. अकरा नंबरच्या लेण्याला दरबार म्हणतात. आत गेलं की दगडातच कोरलेले दोन लांबच लांब, बुटके ओटे दिसतात, समोरासमोर. पंगतच मांडून ठेवल्यासारखे. ते बघून आम्हा चौघांनाही एकदम भूक लागली आणि अभ्यास तिथेच थांबला. वहीतली शेवटची नोंद अण्णांच्या सुवाच्य अक्षरात आहे: ‘११. दरबार. मिसळ, एकूण रु. १६०.’

नंतर रस्ता आखडत गेला. कान्हेरीवरून आम्ही दहिसर नदीच्या पुलावर आलो. तिथे थांबून पाणी बघायचं आणि ‘यंदा पाणी कमी आहे’ म्हणून मागे फिरायचं, हा व्यायाम तीनेक वर्षं चालला. पुलावरून गांधी टेकडी. गेली काही वर्षं टेकडीवरही चढत नाही, खालूनच नमस्कार करतो. साठी उलटल्यावर साबरमतीहून निघून दांडीपर्यंत चालत गेलेल्या माणसाच्या समोर, दर दोन रविवारांनी दांडी मारणाऱ्यांनी कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

एक गोष्ट मात्र चौदा वर्षांत तसूभर हलली नाही. ती म्हणजे नाश्ता. गेटबाहेर दुधी, कारलं, गव्हांकुर असे हिरवे रस विकणारे उभे असतात. त्यांच्याकडे आदराने बघत आम्ही पुढे जातो. हॉटेलातलं टेबल ठरलेलं आहे, पंख्याखालचं, एक पाय आखूड असलेलं. त्या पायाखाली घडी घालून ठेवलेला कागद आमचाच: डॉक्टरांनी छापून आणलेला ‘आहारातील तेलाचे दुष्परिणाम’.

एवढं सगळं होऊन मला कान्हेरीच्या भिक्खूंबद्दल भलतीच आपुलकी वाटते. बौद्ध संघात उपोसथाची रीत आहे. पौर्णिमेला आणि अमावास्येला सगळ्या भिक्खूंनी एकत्र जमायचं, पातिमोक्ख म्हणजे संघाचे नियम म्हणायचे, आणि आपल्या हातून काही चुकलं असेल तर ते कबूल करायचं. आमच्या टेबलावर दुसरं काय होतं? मिसळ येईपर्यंतचा वेळ कबुलीचाच असतो.

‘काल नातवाचा वाढदिवस होता,’ अण्णा सुरू करतात. ‘दोन जिलब्या झाल्या.’

‘अण्णा?’ डॉक्टर चष्म्यावरून बघतात.

‘चार.’

‘अण्णा, मी वहिनींना फोन लावू का?’

‘वाटीभर बासुंदीही होती. पण ती जिलबीबरोबरच, वेगळी नाही.’

मग डॉक्टर गंभीरपणे मान हलवतात आणि स्वतःसाठी जादा फरसाण मागवतात. त्यांच्या कबुलीची पाळी येईपर्यंत मिसळ आलेली असते.

कान्हेरीचीच आणखी एक गोष्ट आम्ही उचलली. तिथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी, गृहस्थांनी दिलेली दानं नोंदलेली आहेत. त्यात एक प्रकार अक्षयनिवी नावाचा. मुद्दल कायम ठेवायची, तिला हात लावायचा नाही. तिच्या उत्पन्नातून भिक्खूंच्या चीवरांची सोय व्हायची. अण्णांना हे कळलं तेव्हा बँकेतली सगळी नोकरी सार्थकी लागल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. ‘म्हणजे मुदत ठेव! फक्त मुदत नाही!’ ते लेण्यातच ओरडले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आमचा निधी उभा केला: न सांगता रविवार बुडवला की शंभर रुपये दंड, आणि त्या पैशातून सगळ्यांचा नाश्ता. जिममध्ये मी एकदा वर्षाची वर्गणी एकरकमी भरली होती, ती तीन आठवड्यांत संपली. हा निधी मात्र खरोखर अक्षय निघाला. चौदा वर्षं झाली, आटायचं नाव नाही. मुलुंडकर एकटाच त्याला पुरून उरतो.

आता कारवीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्या चौघांच्या तुलनेत नेम पाळणारं त्या जंगलात तेवढंच एक झाड आहे. झाड कसलं, झुडूपच. सात वर्षं नुसती पानं काढतं आणि आठव्या वर्षी जांभळ्या फुलांनी उतू जातं. नॅशनल पार्कात ते २०१६ साली फुललं, मग २०२४ साली. ना कोणी फोन करून उठवलं, ना दंड लावला. सातांवर आठ भरणारी ती एकटी आपल्या आठवड्याची पक्की. २०१६ चा बहर आम्ही चढावर उभं राहून, धापा टाकत पाहिला. २०२४ ला पार्काच्या बसने गेलो, आणि खिडकीची जागा कोणाला यावरून अण्णा आणि डॉक्टर एक आठवडा बोलत नव्हते. पुढला बहर २०३२ चा. अण्णांनी आतापासून सांगून ठेवलंय की येताना खिडकी त्यांची.

तुम्हालाही यावंसं वाटत असेल तर खुशाल या. मिसळीचे पैसे निधीतून जातील, त्याची काळजी नको. फक्त एकच विनंती: ‘सोमवारपासून नक्की’ असं ठरवू नका. सोमवारी पार्क बंद असतो.