तालमीची प्रत कोण काढणार?

राजा रविवर्म्याची सरस्वती नेटवरून उतरवायची, कापडी पिशवीवर छापायची आणि खाली ‘सर्व हक्क राखीव’ ठोकून द्यायचं, हे आता पुरे. रविवर्मा १९०६ साली गेले. ते चित्र जेवढं तुमचं, तेवढंच शेजारच्या दुकानदाराचं. त्यानंही तेच छापलं, तर त्याला नोटिशीची धमकी द्यायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

घरून ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांबद्दल आस्था आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितो. कॉपीराइट संपलेलं साहित्य हे छोट्या धंद्याचं मोठं भांडवल आहे. पण फुकट मिळालेला माल जसाच्या तसा विकाल, तर उद्या दुसरा कुणी तोच माल पाच रुपयांनी स्वस्त देईल. तुम्ही त्यात काही काम घातलं असेल, तरच गिऱ्हाईक तुमच्याकडे टिकेल.

आणि काम तर ढिगानं पडलंय. संगीत नाटकंच घ्या. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’, देवलांचं ‘शारदा’, गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’, खाडिलकरांचं ‘मानापमान’. खाडिलकर गेले १९४८ साली, बाकीचे तिघे त्यांच्याही कितीतरी आधी. सगळी नाटकं छापायला मोकळी आहेत. आता एखाद्या हौशी संघाच्या तालमीला जाऊन बसा. हातात झेरॉक्सची झेरॉक्स, काने-मात्रे उडालेले, पदाची शेवटची ओळ कापली गेलेली, एका प्रतीत दोघांची डोकी. ‘नाहीं’, ‘तेथें’ हे जुने अनुस्वार दिसले की विशीतला नट तिथं नाकात बोलू लागतो. या मंडळींना ठसठशीत टायपातली प्रत हवी आहे. पात्रांची नावं ठळक, पदाच्या डोक्यावर राग आणि ताल, अडणाऱ्या शब्दाचा अर्थ त्याच पानाच्या तळाशी, दिग्दर्शकाला खुणा करायला रुंद समास, आणि तालमीत उघडी ठेवता यावी म्हणून स्पायरल बाइंडिंग. अख्खा संघ गिऱ्हाईक म्हणून एकदम मिळतो! पुढच्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेला नवं नाटक धरलं की तोच संघ पुन्हा येईल. तुम्ही लिहिलेल्या टिपांवर हक्कही तुमचाच राहील; तिथं ‘हक्क राखीव’ खुशाल लिहा.

याउलट मशीननं ओळखलेली अक्षरं एकदाही न तपासता ‘श्यामची आई’ बाजारात आणायची, हा सरळ गुन्हा आहे. कायद्यातला नसेल, पण ज्या पुस्तकावर पोरं मराठी वाचायला शिकतात त्यात पानागणिक चुका सोडणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? आधी मुद्रितशोधकाला पैसे द्या, मुखपृष्ठाचं नंतर बघा.

दुसरी खोड म्हणजे जुनं दिसलं की मोकळं समजायचं. आपल्याकडे लेखक किंवा चित्रकार गेल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांची पुस्तकं २०११ पासून मोकळी. अत्रे गेले १९६९ साली, म्हणजे २०३० उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. धुरंधरांची मुंबईची पोस्टकार्डं बिनधास्त छापा, ते १९४४ सालीच गेले. पण दीनानाथ दलाल १९७१ पर्यंत होते आणि मुळगावकर १९७६ पर्यंत. दिवाळी अंकांची ती मुखपृष्ठं, कॅलेंडरवरच्या त्या देव्या फ्रिजच्या मॅग्नेटवर बिनपरवाना विकणं म्हणजे वारसांच्या ताटातलं उचलणं. गाण्यांचंही तेच. नाट्यपद मोकळं असलं, तरी ध्वनिमुद्रिकेचा हक्क वेगळा आणि तो प्रसिद्धीपासून ६० वर्षं चालतो. कॅसेटच्या जमान्यातलं नाट्यगीत उचलून आपल्या जाहिरातीच्या रीलखाली लावू नका.

न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांना माल पाठवत असाल, तर गणित पुन्हा मांडा. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षं धरतात. ‘श्यामची आई’ १९३५ सालची. म्हणजे इथं मोकळी असली, तरी तिकडं विकायची तर २०३० सरेपर्यंत कळ काढा. तोवर १९११ सालचं ‘मानापमान’ पाठवा, ते दोन्हीकडे मोकळं आहे. आणि कोणत्या आवृत्तीवरून, कोणत्या ग्रंथालयाच्या प्रतीवरून मजकूर घेतला, ते पहिल्याच पानावर छापा.