साहेबांचे उड्डाण

बोरिवलीस वास्तव्य करणाऱ्या आमच्या एका अधिकारी स्नेह्यांनी अहमदाबादच्या बैठकीसाठी वंदे भारत सोडून विमान पत्करले, हे सर्वथा अभिनंदनीय होय. जी गाडी घराजवळच्या स्थानकात थांबते आणि चहा-नाश्ता देत सुमारे पाच तासांत मुक्कामी पोचवते, तिच्यात प्रतिष्ठा कोठून असणार? त्यापेक्षा उत्तरेस जाण्यासाठी प्रथम दक्षिणेस निघावे, अंधेरीच्या अलीकडे द्रुतगती महामार्गावर मोटारीत स्थितप्रज्ञ होऊन बसावे, सहारला कमरेचा पट्टा सोडून शिपायापुढे हात पसरावेत, आणि ज्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदत असल्याने एका वेळी बहुधा एकच चालते, तेथे विमानांच्या रांगेत आठव्या क्रमांकाचे सुख भोगावे. उड्डाण काय, सव्वा तासाचे! हेच तत्त्व पुढे नेऊन मुलुंडहून ठाण्यास, म्हणजे लगतच्याच स्थानकास, जाणाऱ्या अंमलदारांनाही हवाई भत्ता मंजूर व्हावा, अशी आमची सरकारदरबारी नम्र दरख्वास्त आहे.

बैठक ठरल्या वेळी सुरू झाली. साहेब मार्गस्थ होते. कागदपत्रे मात्र केव्हाच पोचली होती. ती घेऊन आलेल्या कारकुनास नियमाप्रमाणे विमान लागू नव्हते.