सातव्या पडद्यावरचा सूर्य

लीड्स, डिसेंबरातला रविवार

तीर्थस्वरूप सौ. आईस,


कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आहेत, तेवढ्या अवकाशात हे पत्र. काल फोनवर माझ्या डाव्या हाताच्या बोटांना पट्ट्या दिसताच, सूनबाई माझ्याकडून कांदे चिरून घेते, असा जो निष्कर्ष तू काढलास आणि कुसुमआत्याच्या कृपेने जो रात्रीपर्यंत सांगलीहून मिरजेला पोहोचला, तो सपशेल निराधार आहे. बोटे सोलली ती गिटारच्या पोलादी तारांनी.

गिटार घरात येण्याचे मूळ कारण येथील सरकारी परवाना. कोणत्याही देशाची कोणतीही वाहिनी प्रसारणाच्या क्षणीच पाहायची, मग ती तळहाताएवढ्या फोनवर का असेना, तर सालिना पावणेदोनशे पौंडांच्या घरात, म्हणजे आपले जवळजवळ वीस हजार रुपये, भरणा करावा लागतो. सबब तुझी आठची मालिका इथल्या अडीच वाजता तुझ्याबरोबर पाहणे हा या राज्यात हजार पौंडांपर्यंत दंडास पात्र असा अपराध ठरतो. नानांनी मर्फी रेडिओच्या लायसन्ससाठी पोस्टात रांगा लावल्या, त्यांना हे फर्मान नवे वाटणार नाही. मी मात्र रागाने टीव्हीच काढून टाकला आणि चाळीस पौंडांत जुनी गिटार आणली.

शिकतो आहे ते बीटल्सचे ‘हिअर कम्स द सन’. जॉर्ज हॅरिसनने १९६९ च्या वसंतात कंपनीच्या रुक्ष बैठकीला दांडी मारून एरिक क्लॅप्टनच्या बागेत ते रचले. गिटारच्या सातव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की उजेड पडल्यासारखा सूर निघतो. परंतु मध्यभागी अकरा मात्रा, मग आठ, मग सात असा वळसा येतो, आणि तिथे माझे शिक्षक, म्हणजे शेजारचे निवृत्त बसचालक, तीन आठवडे पाय आपटून थकले. मी मांडीवर टाळी-खाली धरून पहिल्याच फटक्यात समेवर उतरलो! वयाच्या आठव्या वर्षी मात्रा चुकल्याबद्दल नानांनी दिलेल्या चापट्या अशा वसूल झाल्या. या हॅरिसनने १९६६ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये मुक्काम करून रविशंकरांकडे सतारीचे धडे घेतले होते, हेही नानांना सांग. म्हणजे ‘तुणतुणे’ हा शब्द ते मागे घेतील.

चिंतूकाकांनी मोजणीचा अर्ज दिला हे उत्तम. पण पाटलांच्या कुंपणावर हरकत घेण्यापूर्वी सातबारा एकदा स्वतः वाचावा, गेल्या खेपेस आपलेच शौचालय हद्दीबाहेर निघाले होते. बंड्याचे लग्न पुन्हा मोडले, यात मुलीच्या समंजसपणाखेरीज मला काही दिसत नाही. आत्याची कवळी सापडली का?

पार्सल पोचले. भाजणी कोरडी, मेतकूट शाबूत. सुरळी करून कोंबलेला ‘पुढारी’ इस्त्री फिरवल्यासारखा सपाट करून निविदांसकट वाचला. सुतळीला नानांची ती दुहेरी गाठ होती. घरात सुतळी कापायची नाही, म्हणून नखांनी अर्धा तास खटपट केली, पण बोटांना पडलेल्या घट्ट्यांना तिचा पीळच लागेना. आणि इथे पावणेचारलाच सूर्य बुडाल्यामुळे स्वयंपाकघरात अंधार झाला, तरी मी दिवा न लावता ती गाठ हातात धरून बराच वेळ बसलो. सूनबाईने येऊन विचारले, तेव्हा भाजणीचा वास घेतो आहे, असे सांगितले.

शेवटी खोके दाबून सुतळी अखंड सरकवून काढली. गिटारचा पट्टा बारा पौंडांना मिळतो, तेव्हा सध्या तीच गळ्यात आहे. मानेला काचते. नानांना सांग, गाठ अजून सुटलेली नाही.

तिसरी शिट्टी झाली.

तुझा,
बाळू