नानांची पाठ

गिरगावातल्या चाळीत काहीही कोरडं दिसलं की त्याला तेल लावायची फार हौस. बाळाची टाळू असो, दाराची बिजागरी असो, नाहीतर आजोबांचे गुडघे. त्यामुळे आमच्या मजल्यावरच्या कासवाच्या पाठीचे पापुद्रे निघायला लागले, तेव्हा चारी बिऱ्हाडांतून खोबरेलाच्या बाटल्या बाहेर आल्या.

कासवाचं नाव नाना. क्रॉफर्ड मार्केटातून आणलं तेव्हा ते तळहातावर मावत होतं. डोळ्यामागे लाल पट्टा, मूळ गाव मिसिसिपीचं खोरं. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासव विकायला १९७५ पासून बंदी आहे, कारण त्याच्या अंगावरचे साल्मोनेला जंतू पोरांच्या पोटात जातात. नानांना हात लावला की हात धुवायचा हा नियम आमच्या मजल्यावरही होता, पण तो सोवळ्यापायी.

पापुद्रे निघणं हा मुळात आजारच नव्हे. पाण्यातलं कासव वाढतं तशी पाठीवरची जुनी खवलं पातळ, पारदर्शक होऊन गळतात. तेल लावलं की मात्र त्यावर मळ धरतो आणि टबातल्या पाण्यावर तवंग येतो. पण शेजारच्या काकूंना हे पटवायचं कसं? त्यांची दोन कासवांशी जुनी ओळख. एक देवळाच्या सभामंडपातलं दगडी, पिढ्यान्‌पिढ्या हात लागून गुळगुळीत झालेलं. दुसरं दिवाणखान्यात वाटीभर पाण्यात बसवलेलं पितळी, दर शनिवारी चिंचेनं लखलखणारं. दोघांनी कधी तक्रार केली नाही.

नानांचं कवच ही त्यांची स्वतःची पाठ आहे. बरगड्या आणि मणके एकमेकांत जुळून ते हाड तयार झालेलं असतं. वर आपल्या नखांसारखं केराटिनचं आवरण. खाली रक्त वाहतं, नसा असतात, हलकं बोट फिरवलेलं कळतं. कडेला भोक पाडून दोरी बांधणारे महाभाग अजून भेटतात. त्यांच्या बरगडीला आधी भोक पाडून बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या पाठीला हवं असतं ऊन, आणि तेच गिरगावात सर्वांत महाग. उन्हातल्या अतिनील किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, तरच पोटातलं कॅल्शियम हाडात जातं. नाहीतर कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही; काच नेमके तेच किरण अडवते. म्हणजे गॅलरी आली. गॅलरीत सकाळचं ऊन आधीच वाटून घेतलेलं: कठड्यावर गाद्या, जमिनीवर कुरडया, कोपऱ्यात लोणच्याची बरणी. त्यात समोर टॉवर उठला आणि दहानंतरचं ऊन त्यानं परस्पर उचललं. उरलेल्या पट्ट्यात नानांचा टब बसवायचा, टबात पाण्याबाहेर डोकावणारी वीट ठेवायची म्हणजे पाठ पुरती वाळेल, अर्ध्या टबावर फळी टाकायची म्हणजे भाजून निघणार नाहीत, आणि कावळ्यांवर लक्ष ठेवायला एक निवृत्त माणूस. तो मजल्यावर होताच. पावसाळ्यात खास अतिनील किरणांचा दिवा लागतो. त्याचा उजेड टिकतो, किरण मात्र आधी संपतात, म्हणून वर्षाच्या आत तो बदलावा लागतो. दिवा तर पेटतोय, मग बदलायचा कशाला, या प्रश्नावर मजल्यावर दोन तट आहेत.

खाण्याचं त्या मानानं सोपं. नुसत्या सुक्या कोळंबीवर भागत नाही. पालेभाजी हवी, पण रोज पालक नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. माकुलाच्या पाठीतलं पांढरं हाड, आपला समुद्रफेस, टबात टाकला की नाना सवडीनं कुरतडतात.

कुणी म्हणतं, परदेशी कशाला, पाठीवर चांदण्या असलेलं आपलं तारा कासव आणा. आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार ते पाळणं गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे.

कवचावर मऊ डाग दिसला, वास आला, लाली दिसली, तर तेल, हळद, चुना यांतलं काही लावू नका. परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिकडे दाखवा. आणि नाना फूटभर झाले, टबात मावेनासे झाले, म्हणून पुण्य समजून त्यांना बाणगंगेत सोडू नका. तिथल्या जिवांची जागा आणि अन्न ते खाऊन बसतील. ते तीस-तीस वर्षं जगतात, हे विकत घेण्याआधी घरात सगळ्यांना सांगा.