अंश, छेद आणि सिलिंडर

डोंबिवली स्टेशनात आठ बाराची लोकल हलली तेव्हा माझी बोटं आणि दारातला दांडा यांच्यात वीतभर अंतर होतं. ती वीत काही मला ओलांडता आली नाही. माझ्याबरोबरच जिना उतरलेला, माझ्याएवढीच जड सॅक पाठीवर असलेला एक पोरगा मात्र आरामात आत गेला आणि दारातून वळून म्हणाला, "काका, मागून अजून एक येतेय." तेवढ्यात धावत्या गाडीत चढू नका, अशी घोषणा झाली. मी ती अक्षरशः पाळली.

जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून त्या दारापर्यंत फार तर पंचवीस मीटर. लांबची शर्यत हरण्यात एक सोय असते, दम कमी पडला असं सांगता येतं. पंचवीस मीटरमध्ये दम लागायलाच वेळ मिळत नाही, मग त्याच्यावर खापर कसं फोडणार?

संध्याकाळी घरी येऊन मी वजनकाटा पलंगाखालून ओढून काढला. काटा म्हणाला, ८६. कॉलेजात मी ७२ होतो. चौदा किलोंचा हा हिशेब मी स्वयंपाकघरात जाहीर करत असताना बायकोचं लक्ष ओट्याखालच्या सिलिंडरकडे गेलं. घरगुती सिलिंडरात गॅस असतो १४.२ किलो.

"अहो, म्हणजे तुम्ही रोज सकाळी अख्ख्या सिलिंडरातला गॅस अंगावर घेऊन लोकलमागे धावता," ती म्हणाली. "त्या गॅसवर निदान महिनाभर स्वयंपाक तरी होतो. तुमचे चौदा किलो उलटे माझ्या स्वयंपाकावर जगतायत."

माणूस दुखावला की अभ्यास करतो. त्या रात्री मी उसेन बोल्टचं वजन शोधून काढलं आणि सकाळी पोह्यांच्या बशीसमोर घोषणा केली, "बोल्ट ९४ किलोंचा होता. मी त्याच्यापेक्षा आठ किलोंनी हलका आहे."

बारावी सायन्सची आमची कन्या लिंबू पिळता पिळता थांबली. "त्याची उंची किती, बाबा?"

"एक मीटर पंच्याण्णव."

"आणि तुझी?"

"उंचीचा इथे काय संबंध?"

मग तिने पोह्यांवरच्या दोन शेंगदाण्यांमध्ये चमच्याने एक आडवी रेघ ओढली. वरचा दाणा अंश, म्हणजे पायांनी जमीन मागे रेटायची ताकद. खालचा दाणा छेद, म्हणजे त्या रेट्याने जे काही पुढे न्यायचं ते एकूण वजन. भागाकार येईल तेवढ्या झपाट्याने माणूस वेग घेणार. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाला याहून जास्त शेंगदाणे लागत नाहीत. बोल्टचा छेद मोठा, पण अंश त्याहून दांडगा. जमैकाचीच शेली-ॲन फ्रेझर-प्राइस जेमतेम १.५२ मीटर उंचीची, म्हणजे छेद चिमुकला, पण त्या छेदावर असा अंश की २००८ आणि २०१२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण तिने नेलं. म्हणजे नुसतं जड किंवा नुसतं हलकं असण्याला अर्थ नाही. वजन कशाचं आहे, ते महत्त्वाचं.

"बोल्टचे ९४ किलो सगळे कामावर होते," कन्येने समारोप केला. "तुझे काही किलो पेन्शनवर आहेत."

पेन्शनरांना हात लावायचा नाही हे आमच्या घराचं धोरण असल्यामुळे मी आधी अंश वाढवायचं ठरवलं आणि जिम लावली. तिथला ट्रेनर मुलगा मला 'सर' म्हणे आणि त्याच आदराने माझ्या मानेवर लोखंड ठेवी. सहा महिन्यांत माझा स्क्वॉट तीस किलोंवरून ऐंशीवर गेला. मात्र ताकद वाढवायची तर खावं लागतं, हे त्याचं वाक्य मी मनावर घेतलं ते फक्त उत्तरार्धापुरतं. अंडी, पनीर, केळी आणि ही सगळी पचावीत म्हणून वर ताक. काटा ९१ वर गेला. आठ बारा पूर्वीसारखीच वीतभर पुढे राहिली.

यामागे शरीराचा एक जुनाच कावा आहे. स्नायूची ताकद दोरखंडासारखी असते, लांबीवर नाही, जाडीवर ठरते. वजन मात्र सगळ्या बाजूंनी वाढतं. माणूस उंची, रुंदी, जाडी अशा तिन्ही दिशांनी दहा टक्के मोठा झाला तर त्याच्या स्नायूंच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढेल आणि वजन ३३ टक्क्यांनी. ज्या बाईने लाडू वळलेत तिला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. दुप्पट व्यासाच्या लाडवाला आठपट बेसन लागतं. मुंगी स्वतःपेक्षा कितीतरी जड कण उचलते आणि हत्तीला उडी मारता येत नाही, त्याचंही कारण हेच. मी मुंगीकडून हत्तीकडे निघालो होतो, तेही महिन्याची फी भरून.

दुसरी अडचण वेळेची. ऐंशी किलो खांद्यावर घेऊन उठायला मला सावकाश दोन सेकंद लागत. ट्रेनर ओरडे, मी ओरडे, मग गुडघे ओरडत आणि उठणं व्हायचं. पूर्ण वेगात असलेल्या धावपटूचं पाऊल जमिनीवर टेकतं ते सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी वेळ. तेवढ्यात त्याला स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट जोराने जमीन दाबायची असते. अमेरिकेतल्या पीटर वेयंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली हे मोजून दाखवलं. जोरात पळणारे आणि हळू पळणारे हवेतला पाय पुढे आणायला जवळपास सारखाच वेळ घेतात. फरक पडतो तो वजनाच्या मानाने जमिनीवर किती जोर पडतो त्यात. आणि स्नायूला आपला सगळा जोर गोळा करायला त्या एका टेकण्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. माझ्या मांड्यांचं काम सरकारी कचेरीसारखं चालायचं. निधी होता, पण मंजुरी येईपर्यंत पाऊल पुढच्या टेबलावर गेलेलं असायचं.

मग मी छेदाकडे वळलो. आहारतज्ज्ञाने लिहून दिलेला कागद फ्रिजवर चिकटवला. सकाळी काकडी, दुपारी अर्धी भाकरी, रात्री डाळीचं पाणी, आणि मध्ये भूक लागली तर तो कागद वाचायचा. चार महिन्यांत ९१ चे ७९ झाले. पँट कमरेवरून घसरायला लागली, नातेवाईक बायकोला बाजूला घेऊन 'सगळं ठीक आहे ना' विचारू लागले. आठ बारासाठी पळालो. वीत तेवढीच!

जिममध्ये जाऊन पाहिलं तर ऐंशीचा स्क्वॉट पंचावन्नवर आलेला. उपाशी शरीर खर्चकपात करतं तेव्हा पेन्शनरांबरोबर कामावरची माणसंही काढतं. कारण कामावरच्या माणसांना रोज पोसावं लागतं आणि मी त्यांना काहीच काम दिलं नव्हतं. कन्येने एका वाक्यात निकाल दिला. "बाबा, दोन-चतुर्थांशाचे एक-द्वितीयांश करून तू दहा महिने घालवलेस."

पुढे दिवाळी आली आणि फराळाने मला कोणतीही कटुता न ठेवता ८६ वर आणून सोडलं.

सव्वीस जानेवारीला सोसायटीत चाळिशीपुढच्यांची पन्नास मीटरची शर्यत होती. पंपहाउसपासून मुख्य फाटकापर्यंत चुन्याच्या रेघा मारलेल्या, कर्ण्यावर देशभक्तीची गाणी, सेक्रेटरींच्या तोंडात शिट्टी. माझ्या डावीकडे 'बी' विंगचे काका, वजन ५८, आठवड्याला दोन उपवास, बारीक इतके की फाटक बंद असलं तरी बाहेर पडतील. उजवीकडे तळमजल्यावरचे पैलवान. कोल्हापूरच्या तालमीतून आलेले, लाल माती सुटून वीस वर्षं झाली तरी रोज दोनशे बैठका चालूच. वजन ९६. सगळी पैज काकांवर लागली होती. पैलवानांवर फक्त त्यांच्या नातवाने पाच रुपये लावले होते.

शिट्टी झाली आणि पैलवान सुटले. सुटले म्हणजे गोफणीतून दगड सुटतो तसे. पुढे वाकलेले, डोकं खाली, प्रत्येक पावलाला रस्ता मागे ढकलत. वीस मीटरवर ते काकांच्या तीन पावलं पुढे आणि माझ्या दृष्टीने दुसऱ्या पिन कोडात होते. सुरुवातीच्या पावलांत पाय जमिनीवर जास्त वेळ टेकतो, त्यामुळे बैठकांची संथ ताकदही तिथे कामाला येते. तिसाव्या मीटरनंतर मात्र वेग वाढला, टेकायचा वेळ कमी झाला आणि ९६ किलोंनी आपली बाकी मागायला सुरुवात केली. काका पतंगासारखे मागून येऊ लागले. फाटकाशी पैलवान छातीच्या अंतराने जिंकले, आणि छाती केवढी तर त्यांची.

मोठ्यांच्या शर्यतीतही अशी अदलाबदल होते. २०२१ साली टोकियोच्या उपांत्य फेरीत चीनच्या १.७२ मीटर उंचीच्या सू बिंगत्येनने पहिले साठ मीटर ६.२९ सेकंदांत कापले. बोल्टला २००९ च्या बर्लिनमधल्या विक्रमी शर्यतीत तिथवर ६.३१ लागले होते. शंभराला मात्र सू ९.८३ आणि बोल्ट ९.५८, कारण सुटून झाल्यावर जे उरतं ते लांब टांगांचं राज्य. बोल्टने शंभर मीटर एकेचाळीस पावलांत संपवले होते.

माझी वेळ कन्येने मोबाईलवर घेतली. पन्नास मीटरला ९.९ सेकंद. म्हणजे बोल्ट शंभर मीटर संपवून बाण सोडायच्या पवित्र्यात उभा राहिला असता तेव्हाही मी फाटकाच्या अलीकडेच होतो. पाच जणांत माझा चौथा नंबर आला. पाचव्या गृहस्थांची चप्पल तुटली होती.

खरा अपमान पुढेच होता. महिलांच्या शर्यतीत बायकोने साडीचा पदर खोचला आणि तेच पन्नास मीटर ९.१ मध्ये मारले. शाळेत ती खो-खोच्या संघात होती हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं, पण ते मी पाककृतीसारखं स्थळाच्या माहितीत धरलं होतं.

"जोर कमी नाहीये तुमच्यात," घरी येताना ती म्हणाली. जिन्यावर ती बोलत होती आणि मी ऐकण्यासाठी थांबत होतो. "तुम्ही जमिनीला विचारून पाय टाकता. खो मिळाल्यावर विचारायला वेळ नसतो. पाय आपटायचा आणि उठायचं."

वेयंडला त्यासाठी प्रयोगशाळा लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिलिंडर आला. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर तो माणूस भरलेली टाकी खांद्यावर घेऊन चढून आला. तीसेक किलो ओझं, आणि बेल वाजवल्यावर धापा टाकत होतो तो दार उघडणारा मी. त्याने टाकी फिरवत ओट्याखाली नेली, रिकामी उचलली आणि गेला. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला आणि माझ्या लक्षात आलं की मोबाईलवर आलेला चार आकडी कोड मी त्याला दिलाच नाही. कोड नाही तर नोंद नाही.

मी तसाच लेंग्यावर, मोबाईल हातात धरून खाली पळालो. तो फाटकाशी पोहोचला होता. टेम्पो हळूहळू पुढे सरकत होता आणि हा गडी खांद्यावर रिकामी टाकी घेऊन त्याच्या मागे धावत होता. म्हणजे चुन्याच्या त्याच फिकट रेघांवरून पुन्हा एक शर्यत सुरू झाली होती. मी ओरडत होतो, "चार... सात... अहो, चार सात..." वॉचमनला वाटलं मी वेळ मोजतोय.

पावलापावलाला आमच्यातलं अंतर वाढत गेलं. फाटकाबाहेर त्याने टाकी हौद्यात ठेवली, फळीला हात घातला आणि एका उडीत वर बसला. मग माझ्याकडे लक्ष जाऊन त्याने फळीवर थाप मारून टेम्पो थांबवला. मी पोहोचलो, उरलेले दोन आकडे श्वासांच्या मध्ये बसवून सांगितले आणि उगाचच विचारलं, "वजन किती तुमचं?"

"सत्तर असेल."

त्याचे सत्तर आणि रिकाम्या टाकीचे सोळा मिळून ८६. माझेही ८६. धावताना आम्ही दोघं ग्रॅमाला ग्रॅम सारखे होतो. फरक एवढाच की शर्यत संपल्यावर त्याला आपले सोळा टेम्पोत ठेवता आले आणि मी माझे चौदा घेऊन तीन जिने चढलो.