आमच्याकडून ओपन आहे

आमच्या ऑफिसातल्या फायरवॉलवाल्यांना तोंडावर सगळे ‘सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘कडीकोयंडा’. बसायची जागा सर्व्हर रूमला लागून, म्हणून भर मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. जगात ६५,५३५ पोर्ट. त्यांतले ८० आणि ४४३ उघडे ठेवावे लागतात, याचंच त्यांना मनातून वाईट वाटतं.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये आम्ही व्हिडिओ मीटिंगसाठी स्वतःचा जित्सी सर्व्हर टाकला. (बल्गेरियनमध्ये जित्सी म्हणजे तारा. आकाशातला नव्हे, विजेच्या.) दोघं बोलत होते तोवर झकास. तिसरा आत आला की सगळे मुके. चॅट तेवढं चालू, त्यामुळे ‘ऐकू येतंय का?’ हा प्रश्न बारा जणांनी बारा वेळा लिहून विचारला. भानगड अशी, की दोघंच असले तर जित्सी त्यांची परस्पर गाठ घालून देतो. तिसरा आला की आवाज-चित्र सगळं सर्व्हरवरच्या व्हिडिओब्रिजमधून जातं, आणि त्याला लागतो यूडीपी पोर्ट १००००.

मी सरांकडे गेलो.

“आमच्याकडून ओपन आहे,” मान वर न करता.

मग पिंग करून दाखवलं. “रिप्लाय येतोय ना? झालं तर!” म्हणजे वाड्याच्या दिंडीतून हाक मारल्यावर आतून ‘ओ’ आली, की कोठीच्या खोलीलाही कुलूप नाही असं समजायचं. तरी मी हलेना, तेव्हा १००००वर टेलनेट केलं. कनेक्शन रिफ्यूज्ड. सरांचा चेहरा उजळला. “बघा, तुमचाच सर्व्हर नाही म्हणतोय!”

“सर, टेलनेट टीसीपीवर चालतं. मी यूडीपी म्हणतोय.”

“तेच ते हो!”

तेच ते कसं? टीसीपी म्हणजे पोचपावतीचं रजिस्टर पत्र आणि यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, पोचलं तर पोचलं. बोलताना एखादं अक्षर गळालं तर माणूस सांभाळून घेतो. पण दर अक्षराच्या पावतीसाठी थांबायचं म्हटलं तर सोमवारचा नमस्कार मंगळवारी ऐकू येईल. हे सगळं मी सांगितलं. सरांनी स्वेटरची बटणं लावली.

शेवटी सर्व्हरवर येणारी पॅकेटं दाखवणारं टीसीपीडंप लावून लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. बारा जण आपापल्या घरून मीटिंगमध्ये ओरडताहेत आणि १००००वर एक पॅकेट येईल तर शपथ. सर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “दोन चहा सांगून या.”

सांगून परत आलो तर पडद्यावर ओळींचा नुसता धबधबा, आणि लॅपटॉपमधून बारा जणांचा एकदम कल्ला.

“सर, झालं की! काय केलंत?”

“मी काय करणार? आमच्याकडून ओपनच होतं.” चहाचा घोट घेऊन त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढला. “हा तेवढा भरून द्या. पोर्ट उघडण्याबाबत विनंती. साहेबांची सही घ्या, आणि तारीख कालची घाला.”