वरचढ सातबारा

२०२३ साली सरकारने लाल कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलच्या मर्यादेत. अर्जासोबत सातबारा हवा होता. आता चांदवडसारख्या कांद्याच्या तालुक्यात एकाच कॉम्प्युटरवर स्कॅन केलेल्या किती फायलींचं नाव नुसतं ‘सातबारा’ असेल, याचा अंदाज करा!

एका फोल्डरात ‘सातबारा’ असताना दुसरा ‘सातबारा’ टाकायला गेलात, तर विंडोज निदान विचारतं: जुनी बदलू, नवी सोडू, की दोन्ही बघून ठरवता? रांगेत दहा माणसं उभी असताना कोण बघतो? दाबा ‘बदला’. लिनक्सची कॉपी करायची आज्ञा ‘सीपी’ तेवढेही आढेवेढे घेत नाही. एकाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचा चढवते आणि गप्प बसते. गप्प बसली म्हणजे काम फत्ते. विचारावं अशी अपेक्षा असेल, तर आधी ‘मायनस आय’ लिहून तशी विनंती करायची.

फोल्डरांची तऱ्हा आणखी निराळी. ‘सीपी मायनस आर कांदा बॅकअप’, म्हणजे ‘कांदा’ फोल्डरची ‘बॅकअप’ नावाने प्रत. बॅकअप नसेल, तर कांद्याचाच बॅकअप होतो. हीच आज्ञा पुन्हा द्या. आता बॅकअप आहे, म्हणून त्याच्या पोटात आख्खा कांदा. विंडोजची ‘एक्सकॉपी’ मात्र नव्या तलाठ्यासारखी चौकस: समोर काहीच नसलं, तरी विचारते, हे फाइलचं नाव की फोल्डरचं?

‘सीपी’ला ‘मायनस मायनस बॅकअप’ जोडलं, की जुनी फाइल नावामागे नागमोडी शेपटी लावून शाबूत राहते. ही सोय वापरणारा माणूस मात्र चांदवडच्या रेणुकामातेच्या नवरात्रातल्या गर्दीत शोधावा लागेल.